रिकाम्या आठ मात्रा

शमुवेलचा अल्बम आलाय
हे त्याच्या बहिणीनं कळवलं, त्यानं नाही.
जालन्यात, नव्या मोंढ्यातल्या दुकानात
मी बेअरिंगा मोजायलो होतो,
६२०४ ची पेटी, ६२०५ ची पेटी.
जेवायच्या वेळेला गिऱ्हाईक येत नाही,
म्हणून शटर अर्धं ओढलं
आणि फोन काउंटरवर उभा केला, वजनकाट्याला टेकवून.

कव्हरवर त्याचा चेहरा नाही.
मिलमधली सळई आहे, लाल,
रोलातून नुकती निघालेली,
अजून वाकेल इतकी मऊ.
खाली बारीक अक्षरांत: लोंढे.
'तिसरी पाळी' हे नाव कुठंच नाही.
बारा वर्षं त्या नावानं वाजवलं आम्ही,
गणपतीत, गॅदरिंगला,
वाळूजच्या एका कंपनीच्या वर्धापनदिनाला,
जिथं मॅनेजर स्टेजजवळ येऊन म्हणाला,
जरा हळू, साहेब लोक जेवतायत.

पहिल्या गाण्याच्या आधी गुणगुण.
मला वाटलं, आपल्याच पंख्याची.
पंखा बंद केला. गुणगुण तिथंच.
मग ओळखली:
मिशन कंपाउंडमागच्या डीपीची.
हिच्यापायी आम्ही अ‍ॅम्पला काय काय बोललो,
अर्थिंगचा खड्डा खणला, कोळसा टाकला,
मीठ टाकलं, रोज बादलीभर पाणी,
हर्षलनं तर एकदा नारळ फोडला.
यानं काय केलं,
तर गिटारीच्या तारा उतरवल्या
आणि त्या गुणगुणीलाच लावून घेतल्या.
आता ती खराबी नाही.
आता ती षड्ज आहे.

भांडण झालं नव्हतं.
लोकांना सांगायला भांडण बरं पडतं, म्हणून तसं सांगतो.
बीडचा कार्यक्रम करून येताना
शहागडच्या पुलाअलीकडं टेम्पो थांबवला होता,
रात्रीचे अडीच, चहा गुळचट,
आणि शमुवेल ग्लासात बघत म्हणाला,
मला आता हळू वाजवायचंय.
हर्षल हसला.
मी म्हणालो, काऊन? हात दुखायलाय का?
एवढंच.
टेम्पोत तो ड्रमच्या खोळीवर डोकं ठेवून झोपला,
किंवा झोपला नाही.

दुसऱ्या गाण्यात चर्चमधली जुनी पेटी,
भाता फाटलेली.
सुराआधी तिचा श्वास ऐकू येतो.
दुसरा कुणी असता तर साफ करून टाकला असता.

तिसरं गाणं.
इथं मी बसलेला उठलो.
ही चाल आमची आहे. म्हणजे त्याचीच,
पण माझ्या घरच्या गच्चीवर सापडलेली,
खाली बापानं मशीन बंद करून विचारलं होतं,
झालं का तुमचं?
चाल चढत जाते, चढत जाते,
आणि जिथं मी आठ मात्रा भरायचो,
टॉमवरून घरंगळत खाली,
तिथं काही नाही.
डीपीची गुणगुण.
लांब कुठंतरी भोंगा, पाळी सुटल्याचा.
ड्रमवाला त्याला मिळाला असता.
संभाजीनगरात ढिगानं पडलेत.

मी पेटीवर बोटांनी मोजलं.
एक, दोन,
पाच, सहा,
आणि आठवी पुरी व्हायच्या केसभर आधी
तो परत आला.

घाईनं.
ती घाई माझी आहे.
बारा वर्षं त्या जागी मी असाच लवकर पडायचो,
आणि तो मान वळवून बघायचा,
रागानं नाही,
गेट लागायच्या आत निघालेल्या माणसाकडं बघावं तसं.
बाकी सगळं त्यानं दुरुस्त केलं,
हे तेवढं ठेवून घेतलं.

फोन उचलला.
'ऐकला' लिहिलं, खोडलं.
'भारी' लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं: तिसऱ्यात आठव्या मात्रेला घाई झाली.
पाठवलं.

शटरवर कुणीतरी नाण्यानं वाजवलं.
६२०४ आहे का, मोटारीचं?
आहे.
खोक्यातून काढून बोटावर फिरवलं,
सवयीनं कानाशी नेलं.
चौथं गाणं कधी सुरू झालं
मला कळलंच नाही.